कळशीच्या दोन जाती

श्रोतेहो, नमस्कार.

पुण्याच्या तांबट आळीत घागर आणि कळशी शेजारी शेजारी ठेवलेल्या दिसल्या, की त्यांतला फरक कोणाला विचारावा लागत नाही. शब्दकोशात मात्र ‘कळशी म्हणजे लहान घागर’ एवढे लिहून आपण मोकळे होतो, आणि त्या ‘म्हणजे’मध्ये नेमका कोणता संबंध दडला आहे, हे वाचकाने ओळखावे अशी अपेक्षा ठेवतो. असे संबंध काटेकोरपणे मांडता येतील अशा एका गणिती पद्धतीचा पाया डार्मश्टाट येथील गणितज्ञ रूडोल्फ विले यांनी १९८२ मध्ये घातला. तिला आपण औपचारिक संकल्पना-विश्लेषण म्हणू.

कागदावर एक तक्ता आखा. डावीकडे घागर, कळशी, तांब्या, पंगतीचे पातेले आणि पंगतीची कढई लिहा. वर धातूचे असणे, गळा अरुंद असणे, कमरेवर घेऊन पाणी आणणे, चुलीवर चढणे आणि कान असणे हे गुणधर्म लिहा, आणि जिथे लागू पडेल तिथे फुली मारा. आता काही वस्तूंचा संच आणि त्या सर्वांना समान असलेले सगळे गुणधर्म अशी जोडी घ्यायची. मात्र तेवढे गुणधर्म असणारी वस्तू त्या संचाबाहेर एकही राहता कामा नये. अशी प्रत्येक जोडी म्हणजे एक संकल्पना. वस्तू कमी होत जातात तसे गुणधर्म वाढतात, आणि ‘अमुक हा तमुकाचा प्रकार’ हे नाते या उतरंडीतून आपोआप निघते.

या तक्त्यात घागर आणि कळशी यांच्या फुल्या तंतोतंत सारख्या येतात, म्हणजे गणिताच्या लेखी ते समानार्थी शब्द ठरतात! कोणतीही आजी हे ऐकून घेणार नाही. म्हणून ‘भरलेले असतानाही लहान मुलाला पेलणारे’ हा रकाना वाढवला, की कळशी आणि तांब्या यांना तिथे फुली मिळते, आणि कळशी एकाच वेळी पाणी आणण्याच्या भांड्यांखाली आणि मुलांना पेलणाऱ्या भांड्यांखाली येते. वर्गीकरणाच्या वृक्षात, जिथे प्रत्येकाच्या वर एकच पालक असतो, असे दोन पालक बसत नाहीत. जालकात, म्हणजे या सगळ्या संकल्पनांच्या जाळीसारख्या मांडणीत, ते सहज बसतात, आणि माझ्या मते या पद्धतीचे खरे मोल इथेच आहे.

अंश आणि पूर्ण यांच्या नात्यासाठी संशोधक उटा प्रिस यांनी या मांडणीला ‘प्रत्येक’ आणि ‘काही’ यांसारखे परिमाणदर्शक शब्द जोडले, कारण ‘प्रत्येक कढईला कान असतात’ आणि ‘काही पातेल्यांना कान असतात’ ही विधाने एकसारखी नाहीत.

फुली कुठे मारायची, हे मात्र माणसालाच ठरवावे लागते. नळावर प्लॅस्टिकची कळशी आली आणि तिला तक्त्यात वेगळी ओळ दिली, तर ‘धातूचे’ हा रकाना सर्वांना समान राहत नाही, आणि जालकाच्या सर्वांत वरच्या बिंदूवर सगळी भांडी असतात, पण गुणधर्म एकही उरत नाही.