वरणाआधीची गोळी

कापूस वेचायला ताकद लागत नाही, बोटं लागतात. अंगठा आणि दोन बोटं एकदम मिटायची, काडीकचरा न येऊ देता बोंड मोकळं करायचं आणि लगेच पुढच्या बोंडाला हात घालायचा. यवतमाळ जिल्ह्यातल्या या आजींनी जन्मभर हेच केलं. आता त्यांचा उजवा हात मांडीवर नुसता ठेवला तरी थरथरतो. थरथर सगळ्यांना दिसली. बोटं मिटायला लागणारा वेळ मात्र घरच्यांना आळस वाटला.

मध्यमेंदूत काळसर पेशींचा एक लहानसा पट्टा असतो. डोपामीन नावाचं रसायन या पेशी तयार करतात. आजींना झालेल्या पार्किन्सन्स या आजारात त्या मरत जातात, आणि हात थरथरू लागतो तोवर बऱ्याचशा गेलेल्याही असतात. मेंदूच्या खोलातली काही केंद्रं हालचालींचा कासरा सतत ओढून धरतात. हात उचलायचा म्हटलं, की तेवढ्यापुरता कासरा सैल सुटतो. डोपामीन आटलं, की सुटायलाच उशीर होतो.

मग डोपामीनचीच गोळी का नाही? कारण रक्तातून मेंदूत शिरताना त्याला अडवलं जातं. लेव्होडोपा या औषधाला मात्र वाट मिळते, आणि आत गेल्यावर त्याचं डोपामीन होतं. त्याच गोळीतलं कार्बिडोपा हे दुसरं औषध हा बदल मेंदूबाहेर होऊ देत नाही, म्हणून मळमळही कमी होते. लेव्होडोपा आपल्या रानातल्या खाजकुहिलीच्या बियांतही असतं. १९३७ साली भारतीय संशोधकांनीच ते त्यांतून वेगळं केलं होतं. पण बिया दळून खाण्याचा उद्योग नको, कुठल्या बीत किती असेल याचा नेम नाही.

खरी मेख आहे जेवणात. आपल्याकडे गोळी म्हटली की जेवल्यावर. इथे ताटात तुरीचं घट्ट वरण, आणि डाळीतली प्रथिनं पचून जे घटक होतात ते लेव्होडोपाच्याच वाटेनं आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत जातात. गर्दीत गोळी मागे पडते. म्हणून बहुतेकांना ती जेवणाच्या अर्धा-एक तास आधी घ्यायला सांगतात. वरण सोडायचं नाही, वेळ बदलायची.

"आजी, गोयी घेतली काय?"
"घेतली ना व. थांब थोडी, आता हात सुटते."

काही वर्षांनी हे गणित अवघड होतं. सुरुवातीला उरलेल्या पेशी डोपामीन साठवून पुरवून वापरतात. पुढे साठवणच उरत नाही. गोळीचा असर उतरला की अंग आखडतं, चढला की कधी मान आणि हात आपोआप वळवळतात. ही वळवळ पाहून घरचे म्हणतात, आजार वाढला. पुष्कळदा तो औषधाचाच परिणाम असतो, आणि डोस किंवा दोन गोळ्यांमधलं अंतर बदलून तो आवरता येतो. त्यासाठी डॉक्टरांना वेळा कळायला हव्यात: गोळी कधी, जेवण कधी, अंग कधी आखडलं. नात हे सगळं शाळेच्या वहीत मागच्या पानावर लिहिते.

गोळ्या संपल्या आणि तालुक्याला जाणं बाजाराच्या दिवसावर ढकललं, असं मात्र करू नये. हे औषध एकदम थांबलं तर अंग ताठरून जोराचा ताप चढू शकतो, आणि ते जिवावरही बेतू शकतं.