शेवटचं अक्षर: वाय की एन

(दृश्य: रात्र. सर्व्हर रूम, हिरवे दिवे लुकलुकतायत.)

रात्रीचे सव्वादोन वाजलेत. पॅचिंग, म्हणजे सॉफ्टवेअरच्या दुरुस्त्या बसवणं, झालंय, रीबूटची कमांड दिलीय, आता नुसतं बघत बसायचं. या एका मशीनवर ओरॅकलचे पाच डेटाबेस आहेत, एक प्रॉडक्शनचा (खरं काम चालतं तो), एक रिपोर्टिंगचा आणि तीन टेस्टिंगचे, आणि मशीन परत वर आलं की यातले कोणते आपोआप उठणार हे एका छोट्या टेक्स्ट फाईलवर ठरतं. तिचं नाव ओराटॅब. लिनक्सवर ती ईटीसी फोल्डरमध्ये असते, सोलॅरिसवर वेगळ्या ठिकाणी.

(दृश्य: स्क्रीन जवळून. फाईलमधली एक ओळ.)

ही ओळ नीट बघा. आधी डेटाबेसचं नाव, मग कोलन, मग ओरॅकल होमचा, म्हणजे ओरॅकलचं सॉफ्टवेअर जिथे बसवलंय त्या फोल्डरचा पाथ, परत कोलन, आणि सगळ्यात शेवटी एकच अक्षर. वाय असेल तर उठवायचा, एन असेल तर झोपू द्यायचा. बस एवढंच. आपण नवीन डेटाबेस बनवला की ओरॅकल स्वतःहून तिथे एन टाकतं, म्हणजे वाय दिसला तर समजायचं की कोणीतरी माणसाने तो हाताने केलाय.

माझ्या बाबतीत नेमकं तेच झालं होतं. काही वर्षांपूर्वी अशाच एका रात्री प्रॉडक्शन वर आलाय एवढं बघितलं आणि घरी गेलो. सकाळी सातला फोन, ग्राहकांना थकबाकीचे मेसेज गेलेत, ज्यांनी पैसे भरलेत त्यांनासुद्धा. टेस्टिंगमधला एक डेटाबेस प्रॉडक्शनची दोन महिन्यांपूर्वीची कॉपी होता, बंदच ठेवलेला, पण त्याच्या आतले शेड्युलरचे जॉब, म्हणजे ठरलेल्या वेळी आपोआप चालणारी कामं, कोणी बंद केलेच नव्हते. कॉपी बनवली तेव्हा कोणीतरी डेमोसाठी त्याच्या ओळीत वाय केला होता, डेमो झाला, वाय तसाच राहिला. रीबूटनंतर तो उठला, सहाचा जॉब चालला आणि दोन महिने जुन्या आकड्यांवर खऱ्या माणसांच्या फोनवर मेसेज गेले. एक आजोबा पावती घेऊन सकाळी दहाला ऑफिसात आले होते, घाबरलेले. ती पावती त्यांनी काउंटरवर हाताने सरळ करून ठेवली, ते मला अजून आठवतं.

आता हे उठवण्याचं काम करतो कोण? डीबीस्टार्ट नावाची स्क्रिप्ट. ती ओराटॅब वाचते, वाय दिसला की तो डेटाबेस स्टार्ट करते. पण तिलाही कोणीतरी बोलवावं लागतं, म्हणजे सिस्टिमडीची (लिनक्स सुरू होताना बाकीचे प्रोग्रॅम हाच चालू करतो) सर्व्हिस आपण लिहायची. नवीन मुलं इथेच अडकतात, वाय केला तरी डेटाबेस का उठत नाही म्हणून तासभर लॉग चाळतात, आणि सर्व्हिस लिहिलेलीच नसते! आणि स्क्रिप्टला ओरॅकल होमचा पाथ सोबत दिला नाही तर डेटाबेस उठतो पण लिसनर, म्हणजे बाहेरून येणारी कनेक्शन घेणारा प्रोग्रॅम, उठत नाही, मग डेटाबेस जिवंत असूनही एकही ॲप्लिकेशन आत येऊ शकत नाही.

क्रमाचंही महत्त्व आहे बरं का. फाईल वरून खाली वाचली जाते, त्यामुळे टेस्टिंगच्या ओळी वर असतील आणि सगळ्यांना वाय असेल तर मेमरीतली ह्यूज पेजेस (डेटाबेससाठी राखून ठेवलेले मोठे तुकडे) आधी तेच खाऊन बसतात आणि प्रॉडक्शनला उरलंसुरलं मिळतं.

स्टँडबाय डेटाबेस, म्हणजे प्रॉडक्शन पडला तर कामी येणारी त्याची जोडीची प्रत, असेल तर अजून जपायला लागतं. डीबीस्टार्ट साधा स्टार्टअप देते, त्यामुळे स्टँडबाय माउंटवर (चालू, पण वापरायला न उघडलेला) न थांबता रीड ओन्ली, म्हणजे फक्त वाचण्यासाठी, ओपन होतो, त्यात रीडो अप्लाय, म्हणजे प्रॉडक्शनमधले बदल त्यात उतरवणं, पण चालू झालं की ते ॲक्टिव्ह डेटा गार्ड नावाचं ओरॅकलचं फीचर झालं, आणि त्याचं लायसन्स वेगळं विकत घ्यावं लागतं. मला विचाराल तर त्या ओळीला एनच ठेवा.

ओरॅकलच्या 12सी आवृत्तीपासून एका कंटेनरमध्ये, म्हणजे बाहेरच्या मोठ्या डेटाबेसमध्ये, अनेक छोटे प्लगेबल डेटाबेस आले, तिथे ओराटॅबची सत्ता दारापर्यंतच. कंटेनर उठतो, आतले प्लगेबल मात्र माउंट अवस्थेत पडून राहतात. 12.1.0.2 पासून सेव्ह स्टेट मिळालं, म्हणजे प्लगेबल ओपन असताना त्याची स्थिती सेव्ह करून ठेवली की पुढच्या वेळी तो तसाच ओपन होतो, आणि हे प्रत्येक प्लगेबलसाठी वेगळं ठरवता येतं.

ज्यांच्याकडे ओरॅकल रीस्टार्ट (डेटाबेसवर लक्ष ठेवून तो परत चालू करणारं ओरॅकलचंच सॉफ्टवेअर) आहे त्यांनी एसआरव्हीसीटीएल या कमांडने पॉलिसी बघायची. ऑटोमॅटिक म्हणजे मशीन बंद होताना डेटाबेस जसा होता तसा परत, चालू असेल तर चालू, बंद असेल तर बंद. मॅन्युअल म्हणजे मशीन रीबूट झाल्यावर आपोआप नाहीच, पण एकदा आपण चालू केला आणि मधेच पडला तर तो उचलला जातो. हे मला फार आवडतं, कारण टेस्टिंगवाल्यांना बहुतेक वेळा हेच हवं असतं.

(दृश्य: परत तीच स्क्रीन. फाईल वरून खाली हळूहळू सरकते.)

अडीच वाजले. मशीन वर आलंय. प्रॉडक्शन आणि रिपोर्टिंग चालू, टेस्टिंगचे तिन्ही बंद. आता या फाईलमध्ये प्रत्येक ओळीच्या वर हॅश टाकून एक कॉमेंट असते, डेटाबेस कोणाचा, वाय का, एन का, कधी ठरवलं. त्या जुन्या कॉपीच्या ओळीवर लिहिलंय, "आतले जॉब बंद केल्याशिवाय उठवू नये."