वारा, पाणी आणि निआर्कस
(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मित्रहो, पत्रिकेवर प्रश्न असा छापलाय: टॉलेमी, सेल्युकस, लायसिमॅकस, अँटिगोनस हे सिकंदराचे सेनानी राजे झाले, मग निआर्कस का झाला नाही? त्याचं उत्तर मी देणार आहे. पण त्याआधी या माणसाने नेमकं काय काम केलं ते बघायला हवं. आपल्याकडे सिकंदराची गोष्ट पोरसाशी सुरू होते आणि बियासच्या काठावर संपते. तो परत गेला, एवढ्यावर पुस्तक मिटतं. कसा गेला, हे कुणी विचारत नाही.

ओळख थोडक्यात. अँड्रोटिमसचा मुलगा, मूळचा क्रीट बेटाचा, घर मॅसिडोनियाच्या ॲम्फिपोलिसात. सिकंदराचा तरुणपणीचा मित्र. बाप-लेकाचं बिनसलं तेव्हा फिलिप राजाने मुलाच्या ज्या मित्रांना हद्दपार केलं त्यात टॉलेमी होता, हार्पालस होता आणि हाही होता. सिकंदर गादीवर आला, मित्र परतले. इ.स.पू. ३३४ मध्ये निआर्कसला लिकिया आणि पॅम्फिलिया, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्याचा सुभा मिळाला. पाच-सहा वर्षांनी तो भाडोत्री ग्रीक सैनिकांची कुमक घेऊन बॅक्ट्रियात, म्हणजे आजच्या उत्तर अफगाणिस्तानात, हजर झाला. पुढे झेलमच्या काठी हिमालयाच्या लाकडाची जहाजं बांधली गेली, त्यांवर फिनिशियन, सायप्रसचे, इजिप्तचे खलाशी चढले, आणि आरमार निआर्कसच्या हाती आलं. ३२६ च्या नोव्हेंबरात आरमार निघालं. झेलम-चिनाबच्या संगमावरच्या भोवऱ्यांनी जहाजं मोडली, आणि ३२५ च्या उन्हाळ्यात सगळे सिंधूच्या त्रिभुज प्रदेशातल्या पाटलला पोचले.

इथून माझा मुद्दा सुरू होतो. निआर्कसला लोक आरमारप्रमुख म्हणतात, आणि मग डोळ्यांसमोर समुद्री लढाया येतात. सिंधूपासून युफ्रेटिसपर्यंत त्याने एकही समुद्री लढाई केली नाही. त्याचं खरं काम होतं रोज संध्याकाळी प्यायचं पाणी शोधणं. त्याची ही सफर लष्करी पुरवठ्याच्या इतिहासातलं पहिल्या प्रतीचं प्रकरण आहे, आणि ती तशी वाचली जात नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

जहाज बघा. ताफ्यातलं नेहमीचं लढाऊ जहाज तीस वल्ह्यांचं. लांब, अरुंद, उथळ. वल्हेकरी बसले की जागा संपली. कोठार नाही, झोपायला जागा नाही, म्हणून रात्री किनाऱ्याला लागायचंच. आता हिशोब करा. उन्हात वल्हं मारणाऱ्याला दिवसाला पाच लिटर पाणी धरलं, तर तीस जणांना दीडशे लिटर. तीन दिवसांचं घ्यायचं तर साडेचारशे किलो नुसतं पाणी, आणि भांड्यांचं वजन वेगळं. म्हणजे पाणी दोन-तीन दिवसांच्या वर नेताच येत नाही. पुढचा मुक्काम पाण्यापाशी पडला नाही, की माणसं मेली. आणि पुढे किनारा कुठला, तर मकरानचा, म्हणजे आजच्या पाकिस्तान-इराणचा वैराण किनारा.

सिकंदराला हे कळत होतं. म्हणून तर तो स्वतः जमिनीवरून गेद्रोसियातून, म्हणजे मकरानच्याच वाळवंटी मुलखातून, निघाला: किनाऱ्याजवळून चालायचं, आरमारासाठी विहिरी खणायच्या, धान्य साठवायचं. त्याने थोआस नावाच्या अधिकाऱ्याला घोडेस्वार देऊन किनारा बघायला धाडलं. थोआस बातमी घेऊन आला ती अशी: थोडे कोळी आहेत, शिंपल्यांच्या भिंती आणि माशांच्या काट्यांचं छप्पर असलेल्या झोपड्यांत राहतात, वाळू उकरून मिळेल तेवढं पाणी पितात, आणि तेही दरवेळी गोडं नसतं. धान्य सापडलं तेव्हा सिकंदराने त्याच्यावर स्वतःची मोहर लावून ते समुद्राकडे रवाना केलं. वाटेत भुकेल्या सैनिकांनी आणि खुद्द पहारेकऱ्यांनी मोहर फोडून ते वाटून खाल्लं. राजाने माफ केलं, कारण भूक त्यालाही दिसत होती. पण आरमाराचा घास गेला तो गेलाच.

आता वारा. नैर्ऋत्य मोसमी वारा सिंधच्या किनाऱ्यावर समुद्राकडून जमिनीकडे येतो. पश्चिमेला निघालेल्या वल्ह्याच्या जहाजाला तो समोरून आणि डावीकडून मारतो, किनाऱ्यावर लोटतो. कोकणात नारळी पौर्णिमेला दर्या खुला होतो. पण होडीने जवळपास मासेमारी करून परतणं वेगळं, आणि वाऱ्याच्या तोंडावर शेकडो मैल जाणं वेगळं. त्यासाठी वारा उलटायची, ईशान्येचा सुरू व्हायची वाट बघावी लागते. सिकंदराचा बेतही तोच होता. प्रत्यक्षात निआर्कस सप्टेंबर-ऑक्टोबरात, वारा पुरता पडायच्या आत निघाला. का? निआर्कसचं पुस्तक वापरून लिहिणारा ग्रीक इतिहासकार ॲरियन सांगत नाही. भूगोलकार स्ट्रॅबो सांगतो, आणि तोही निआर्कसच्याच हवाल्याने: राजा सैन्य घेऊन गेला तशी स्थानिक लोकांना हिंमत आली आणि त्यांनी हल्ले सुरू केले. थांबावं तर लढाई, निघावं तर समोर वारा. त्याने वारा पत्करला.

पहिलं संकट नदीच्या मुखावरच उभं राहिलं. मुखाशी एक आडवा बांध पाण्याखाली होता, त्याच्यावर लाटा फुटत होत्या. निआर्कसने ओहोटीला माणसं उतरवली, बांधाचा मऊ भाग शोधला, पाच स्टेडिया म्हणजे सुमारे नऊशे मीटर चर खणला, आणि भरती आल्यावर जहाजं त्यातून काढली. मेडिटरेनियनमध्ये वाढलेल्या माणसांनी हे केलं, हे लक्षात घ्या. तिकडे भरती-ओहोटी जाणवेल न जाणवेल इतकी असते. काही आठवड्यांपूर्वीच सिंधूच्या खाडीत ओहोटीने याच लोकांची जहाजं चिखलात टेकली होती आणि ते भयचकित झाले होते. आता तीच ओहोटी त्यांनी कामाला लावली.

पुढे आजच्या कराचीजवळ एक चांगलं बंदर मिळालं. समोर बेट, त्यामुळे आडोसा. त्याला सिकंदराचं बंदर असं नाव देऊन तो तिथे चोवीस दिवस अडकला, कारण समुद्रावरून वारा सारखा सुटलेला. दगडांचा कोट घालून छावणी केली. माणसं शिंपल्या आणि कालवं गोळा करून खात होती, मचूळ पाणी पीत होती. वारा पडला तसा निघाला. पहिल्या मुक्कामी किनाऱ्यावर पाणीच नाही. साडेतीन किलोमीटर आत गेल्यावर मिळालं. पुढच्या मुक्कामी दीड किलोमीटर आत. ॲरियनच्या मजकुरात ही नोंद प्रत्येक मुक्कामाला येते: किती अंतर काटलं, नांगर कुठे टाकला, पाणी कुठे होतं, कसं होतं. वाचकांना हा भाग कंटाळवाणा वाटतो. माझ्या मते सगळा ग्रंथ या नोंदींसाठी वाचावा. मागून येणाऱ्या ताफ्यासाठी हा माणूस पाणवठ्यांची यादी करत होता.

वादळात तीन जहाजं गेली, माणसं पोहून वाचली. कोकला इथे लिओनाटस नावाचा सेनानी भेटला. सिकंदराने तिथे ठेवलेलं धान्य मिळालं, दहा दिवस पुरेल एवढं. निआर्कसने तिथे आणखी एक गोष्ट केली, जी फक्त मुरलेला अधिकारी करतो: कामचुकार खलाशी लिओनाटसच्या हवाली केले आणि त्याच्याकडची माणसं जहाजांवर घेतली.

मग तोमेरोस नदी. बहुतेक अभ्यासक तिला आजची हिंगोल मानतात, म्हणजे जिच्या काठी हिंगलाज मातेचं ठाणं आहे तीच. मुखाशी सहाशे लोक जाड भाले घेऊन उभे होते. भाले सहा हात लांब, टोकाला लोखंड नाही, आगीत भाजून टणक केलेले. निआर्कसने हलक्या हत्यारांचे, चांगले पोहणारे सैनिक पाण्यात उतरवले. हुकूम असा: पाय टेकले की थांबायचं, शेजारी येईपर्यंत हलायचं नाही, तीन रांगा झाल्या की आरोळी ठोकून धावायचं. जहाजांवरून बाणांचा मारा चालूच. एकेकटा धावला असता तर भाल्यावर गेला असता. समोरच्यांची फळी लगेच फुटली. सगळ्या सफरीतली मोठी लढाई म्हणावी तर एवढीच, आणि तीही पाण्यात उभं राहून.

पुढे मत्स्याहारी लोकांचा मुलूख. हे लोक खजुरीच्या सालीची जाळी विणत, ओहोटीला खड्ड्यांत अडकलेले मासे धरत, वाळवून, कुटून, पीठ करून भाकरी करत. एका बेटावर पाहुणचारात मेंढ्या मिळाल्या. गवत नसल्याने मेंढ्याही मासे खात, आणि मटणाला चव माशाची. समोर हसू उमटलंय, पण त्या मटणावर ते महिनाभर खूश राहिले असते! कारण धान्य संपलं होतं. एका गावाजवळ शेतं दिसली. गावकऱ्यांनी भाजलेले कुपा मासे, खजूर आणि थोड्या पोळ्या आणून दिल्या. निआर्कस म्हणाला, गाव बघायचं आहे. मोजके तिरंदाज आणि दुभाषा घेऊन आत गेला, वेस धरली, तटावर चढून जहाजांपाशी ठेवलेल्या आर्कियस या अधिकाऱ्याला खूण केली. जहाजांवरची माणसं धावून आली. दुभाष्याने ओरडून सांगितलं: गाव वाचवायचं असेल तर धान्य द्या. लोकांनी सगळं दाखवलं. भरपूर माशाचं पीठ, आणि जरासे गहू-जव. आतिथ्य करणाऱ्यांना असं लुटणं मला पटत नाही. पण गावात धान्य फारसं नव्हतंच, एवढं तिथे कळलं.

भुकेने माणसं पळून जातील म्हणून तो काही वेळा किनाऱ्याला न लागता दूर नांगर टाकी. देवमासे दिसले, कारंजी उडाली, वल्ही हातांतून गळाली, तेव्हा त्याने लढाईसारखी जहाजं रांगेत लावून, रणशिंगं फुंकत, ओरडत सरळ त्यांच्यावर नेली. देवमासे बुडी मारून गेले. एका बेटाजवळ इजिप्शियन खलाशांची एक होडी नाहीशी झाली, आणि तिथे उतरेल तो परतत नाही अशी कंडी पिकली. निआर्कस स्वतः त्या बेटावर उतरला, परत आला, अफवा संपली.

सगळ्यात मोठा फरक मात्र एका माणसाने पडला. मोसार्ना इथे हायड्रेसिस नावाचा गेद्रोसियाचा तांडेल जहाजावर आला. तोवर ताफा रोज दोनशे-तीनशे स्टेडिया जायचा, रात्री थांबायचा. किनारा माहीत असलेला माणूस आला आणि रात्रीही प्रवास सुरू झाला. मोसार्नाहून निघतानाच साडेसातशे स्टेडियाची मजल, आणि पुढे एकदा रात्र-दिवस न थांबता अकराशे, म्हणजे दोनशे किलोमीटर. सफर तरली ती या तांडेलामुळे, आणि त्याचं नाव निआर्कसने नोंदवून ठेवलं.

हे मी मुद्दाम सांगतो, कारण ओनेसिक्रिटसने उलट केलं. तो सिकंदराच्या जहाजाचा सुकाणूवाला. पुस्तकात त्याने स्वतःला आरमारप्रमुख लिहून टाकलं. ॲरियनने खोटं म्हणून ते स्पष्ट नोंदवलं आहे. अरबस्तानचं टोक असलेलं मुसंदमचं भूशिर समोर दिसलं तेव्हा हाच म्हणाला, इराणचं आखात कशाला हिंडायचं, सरळ तिकडे जाऊ. निआर्कसने त्याला सुनावलं: राजाने आपल्याला पाठवलं ते किनारा, बंदरं, बेटं, गावं, पाणी, कुठे सुपीक आणि कुठे वैराण हे बघायला. तिकडे गेलो तर पाण्यावाचून मरू. सगळा ताफा आखातात वळला, आणि हरमुझजवळ मिनाब नदीच्या काठी सुखरूप लागला.

तिथे सिकंदर पाच दिवसांच्या वाटेवर आहे असं कळलं. निआर्कस आणि आर्कियस पाच-सहा माणसं घेऊन निघाले. शोधायला पाठवलेल्या गाड्या समोरून आल्या आणि यांना न ओळखता पुढे गेल्या: वाढलेले केस, अंगावर मिठाचा थर, सुकलेले चेहरे. आर्कियसलाच सुचलं, हे आपल्यालाच शोधत असावेत, विचारू या. सिकंदराने त्यांना पाहिलं आणि रडला, कारण त्याला वाटलं एवढेच उरले. जहाजं आणि सैन्य कसं बुडालं, असं त्याने विचारलं. निआर्कस म्हणाला, दोन्ही सुखरूप आहेत. तेव्हा तो आणखी रडला.

चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटं उरली आहेत. तर मूळ प्रश्न.

३२४ मध्ये सुसा इथे निआर्कसला सोन्याचा मुकुट मिळाला, आणि बार्सिने व मेंटर यांची मुलगी बायको म्हणून मिळाली. ३२३ मध्ये बॅबिलॉनमध्ये अरबस्तानच्या सफरीची तयारी झाली, आरमार पुन्हा त्याच्याकडे. निघायला काही दिवस असताना सिकंदर तापाने गेला. पाठोपाठ त्याचे उरलेले मोठे बेत सैन्याच्या सभेत रद्द झाले. निआर्कसची सगळी किंमत त्या बेतांत होती. किनारे माहीत असलेल्या माणसाला किनारे हवे असणारा राजा लागतो.

दुसरं कारण, सैन्य. टॉलेमी किंवा पर्डिकस यांच्यामागे मॅसिडोनियन पायदळ उभं राहू शकत होतं. निआर्कस क्रीटचा, आणि त्याची माणसं फिनिशियन, सायप्रसचे, इजिप्तचे. बॅबिलॉनच्या सभेत त्यांचा आवाज नव्हता. तिथे त्याने एक डाव टाकला: बार्सिनेचा सिकंदरापासून झालेला मुलगा हेराक्लिस याला गादीवर बसवा. हा मुलगा त्याच्या बायकोचा सावत्र भाऊ. सैनिकांनी ढालींवर भाले आपटून त्याला गप्प केलं.

तिसरं, त्याचा जुना सुभा वाटणीत अँटिगोनसकडे गेला, आणि मग निआर्कसही अँटिगोनसकडे गेला. इराणातल्या कोसियन डोंगरातून जाताना हलकं सैन्य घेऊन खिंडी धरायला पुढे त्यालाच पाठवलं. अँटिगोनसने डोंगरी लोकांना वाटखर्च द्यायचं नाकारल्याने तिथे माणसं बरीच मेली. ३१६ च्या सुमारास अँटिगोनसचा प्रतिस्पर्धी सेनानी युमेनिस पकडला गेला तेव्हा त्याचा जीव वाचवावा म्हणून निआर्कस बोलला. त्याचं ऐकलं गेलं नाही. ३१२ मध्ये गाझाच्या लढाईआधी अँटिगोनसचा तरुण मुलगा डेमेट्रियस याच्या सल्लागारांत तो दिसतो. त्याही लढाईत पराभव झाला. त्यानंतर त्याचा उल्लेख नाही.

त्याचं मूळ पुस्तक हरवलं. ॲरियनच्या ‘इंडिका’त त्याचा मोठा भाग टिकला. वाचणार असाल तर विसाव्या प्रकरणापासून सुरू करा, मकरान किनाऱ्याचा चांगला नकाशा शेजारी ठेवा, आणि प्रत्येक मुक्कामाला पाणी कुठे मिळालं ते पेन्सिलने नकाशावर मांडत जा. आता कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा.