देवराष्ट्र्याच्या लेकीची २३ वर्षे

मंडळाच्या अध्यक्षा, कार्यकारिणीचे सदस्य आणि जमलेली सर्व मंडळी,

माझे माहेर सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यातले. शाळेची सहल सागरेश्वरला निघाली की देवराष्ट्र्यात यशवंतराव चव्हाणांचे जन्मघर आम्हांला आवर्जून दाखवले जाई, आणि ते योग्यच होते. पण त्याच गावच्या कुर्लेकरांची यमुना पुढे रमाबाई रानडे झाली, हे मला परदेशी आल्यावर पुस्तकातून कळले. त्या उशिराची खंत मनात आहे, म्हणून आज हा विषय निवडला.

१८७३ मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी, यमुनेचे लग्न महादेव गोविंद रानडे यांच्याशी झाले तेव्हा तिला अक्षरओळखही नव्हती. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या रानड्यांनी वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून एवढ्या लहान मुलीशी लग्न केले, याबद्दल त्यांच्यावर झालेली टीका मला अनाठायी वाटत नाही. मात्र तिला शिकवायला त्यांनी लगेच सुरुवात केली, हेही खरे. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना ते रुचले नाही. दिवसा त्यांची बोलणी निमूटपणे ऐकायची आणि रात्री पुन्हा धडा घ्यायचा, असे वर्षानुवर्षे चालले. पुण्यात मुलींचे हायस्कूल निघावे म्हणून १८८४ च्या सुमारास रमाबाईंनी गव्हर्नरांपुढे इंग्रजीतून निवेदन वाचले, तेव्हाही घरी आल्यावर टोमणेच वाट्याला आले.

१९०१ मध्ये न्यायमूर्ती गेले. त्यानंतरची २३ वर्षे मला सर्वांत मोलाची वाटतात, कारण रमाबाईंची ओळख आपण अजूनही पतीपासून सुरू करतो आणि बहुधा तिथेच थांबतो. खुद्द त्यांचे १९१० मधले 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे पुस्तकही पतीच्या निधनापाशी संपते. ते प्रसिद्ध होण्याच्या आदल्या वर्षी, १९०९ मध्ये, त्यांनी पुण्यातल्या आपल्या वाड्यात सेवासदन सुरू केले होते. तिथे लिहिणे-वाचणे आणि शिवणकाम तर होतेच; पण ज्या काळी परक्या माणसाची शुश्रूषा करणे घरंदाज बाईला कमीपणाचे मानले जाई, त्या काळी सेवासदनाने तरुण विधवांना परिचारिकेचे शिक्षण घेण्यासाठी ससून रुग्णालयात पाठवले. या मुलींच्या घरच्यांची समजूत घालणे किती अवघड गेले असेल, याची कल्पना आपल्या आज्यांचे आयुष्य आठवले तरी येते.

पुढे सक्तीचे प्राथमिक शिक्षण आधी फक्त मुलग्यांपुरते असावे, असा सूर पुण्यात निघाला, तेव्हा मुलींनाही ते मिळाले पाहिजे म्हणून स्त्रिया रस्त्यावर आल्या, आणि त्यांत रमाबाई अग्रभागी होत्या. मताधिकाराच्या चळवळीतही त्याच पुढे होत्या. १९२१ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळाने स्त्रियांना मताचा हक्क देण्याचा ठराव केला. मालमत्तेची अट असल्यामुळे तो फार थोड्या जणींच्या हाती आला. रमाबाई १९२४ मध्ये गेल्या. शेवटपर्यंत सेवासदनाच्या अध्यक्षा त्याच होत्या.