कालादानच्या खोऱ्यातली तोफ

डिसेंबर 1944. ब्रह्मदेशातला आराकान प्रांत. कालादान नदीच्या खोऱ्यात 81 वी पश्चिम आफ्रिकन डिव्हिजन जपान्यांशी झुंजते आहे. तिच्यातल्या आजच्या घानातून आलेल्या सैनिकांच्या पाठीशी आहेत भारतीय गोलंदाजांच्या डोंगरी तोफा.

तोफखाना एरवी आघाडीच्या मागे असतो. जंगलात मात्र आघाडी कुठे आणि पिछाडी कुठे, हेच कळत नाही. बांबूच्या दाट रानात शत्रू नजरेला पडतो, तोवर तो अगदी अंगाशी आलेला असतो. 15 तारखेला नेमकं तेच झालं.

आधी तास-दीड तास जपानी तोफांचा आणि मॉर्टरचा भडिमार झाला. मग पायदळाच्या किमान दोन कंपन्या तोफांवर चालून आल्या. एका तोफेचे प्रमुख होते हवालदार उमराव सिंग, वय वर्षं 24. हातबॉम्बच्या तुकड्यांनी दोनदा जखमी होऊनही त्यांनी ब्रेनगन ही हलकी मशीनगन हाती घेतली आणि पहिला हल्ला परतवला. पुन्हा हल्ला, मग आणखी एक. सोबतचे बहुतेक गोलंदाज ठार तरी झाले होते, नाहीतर जखमी. गोळ्या संपत आल्या.

तेव्हा त्यांनी उचलली ती तोफेच्या कामातली एक जड लोखंडी पहार. तोफेपाशी पोहोचलेल्यांपैकी तिघांना त्यांनी त्या पहारेने आडवं केलं आणि मग घावांखाली स्वतः कोसळले.

सहा तासांनी आपल्या फौजेने ठाणं परत जिंकलं, तेव्हा ते तोफेशेजारी पडलेले सापडले. चेहरा ओळखू येत नव्हता, श्वास मात्र चालू होता. भोवती दहा जपानी सैनिकांचे मृतदेह होते. आणि तोफ? तिला काहीही झालेलं नव्हतं. त्याच दिवशी ती पुन्हा धडाडली. गोलंदाजाच्या लेखी याहून मोठी कामगिरी नाही.

उमराव सिंगांना व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटनचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं. दुसऱ्या महायुद्धात भारतीय तोफखान्याच्या वाट्याला आलेला हा एकमेव. भारतीय सेनेचे त्या युद्धातले निम्म्याहून जास्त व्हिक्टोरिया क्रॉस ब्रह्मदेशच्या लढाईतले आहेत. पण त्यांच्या कथा आपल्या पाठ्यपुस्तकांत शोधाव्या लागतात, याची खंत वाटते.

निवृत्तीनंतर उमराव सिंग हरियाणातल्या पलडा या आपल्या गावी परतले. शेती थोडी, ओढाताण कायमची. पदकाला मोठी किंमत देऊ करणारे भेटले. त्यांनी ते विकलं नाही. पदकासोबत मिळणारं ब्रिटिश मानधन होतं वर्षाला 168 पौंड.

1995 साली महायुद्ध समाप्तीच्या सुवर्णमहोत्सवासाठी ते लंडनला गेले. तिथे पंतप्रधान जॉन मेजर भेटले, तेव्हा या जुन्या हवालदाराने मानधनाची तक्रार थेट त्यांच्या कानावर घातली. त्याच वर्षी ही रक्कम 1300 पौंड झाली, आणि ती एकट्या उमराव सिंगांसाठी नव्हे, हयात असलेल्या व्हिक्टोरिया क्रॉसच्या सगळ्या मानकऱ्यांसाठी.