सक्काऱ्याच्या भिंतीवरची गेरूची रेघ

मंडळी, पिरॅमिडच्या आत काय सापडलं, हे मला नेहमी विचारतात. आज मी तुम्हाला आत नेणार नाही. इजिप्तमध्ये सक्काऱ्याला जोसेर राजाच्या पायऱ्यांच्या पिरॅमिडभोवती तट आहे, त्याच्यापाशीच आपण थांबू.

इसवी सनापूर्वी २६५० च्या सुमाराचं हे काम. उंची साडेदहा मीटर, घेर सोळाशे मीटरहून जास्त. नाईलपलीकडच्या तुरा नावाच्या ठिकाणच्या खाणीतला पांढरा चुनखडक याला बाहेरून लावला आहे. तटात दरवाजे पंधरा, पण चौदा नुसते दगडात कोरलेले. आत जायची वाट एकच, आग्नेय कोपऱ्याजवळ.

आता जवळून बघा. चिरे लहान आहेत, मातीच्या विटांची आठवण यावी इतके. त्याआधीच्या राजांच्या कबरी कच्च्या विटांच्या होत्या, त्यांच्या भिंतींना उभ्या खाचा असत. त्याच खाचा इथे दगडात उतरल्या. आत शिरलात की वर दगडी छत, पण त्याच्या खालच्या बाजूला ताडाच्या खोडांसारखी गोलाई दिलेली! बाजूला उघडं दार दिसतं, तेही दगडाचंच, कधीच न मिटणारं. पाथरवटाच्या हाती दगड नवा होता, डोक्यात मात्र अजून माती आणि लाकूडच होतं. मला हे फार हृद्य वाटतं.

हे आपल्याला वाचता येतं ते मुख्यतः झां-फिलिप लोएर यांच्यामुळे. हा फ्रेंच वास्तुविशारद १९२६ साली सक्काऱ्याला आला आणि सत्तर वर्षांहून अधिक काळ त्याच कामात राहिला. ढासळून विखुरलेले चिरे पारखून त्यानं प्रवेशद्वाराजवळचा तट पुन्हा उभा केला. कुठल्या चिऱ्याची जागा कुठली, हे त्या चिऱ्याच्या घडणीवरूनच ठरवायचं होतं.

जोसेरनंतरचा सेखेमखेत. त्याचा पिरॅमिड अर्धवट राहिला. झकारिया गोनेम या इजिप्शियन संशोधकानं १९५० च्या दशकात तो वाळूतून काढला. १९५४ मध्ये तिथली बंद शवपेटी उघडली, तर ती रिकामी! जगाची निराशा झाली. पण त्याआधीच गोनेमला तटाचा एक पांढराशुभ्र तुकडा मिळाला होता. तट पुढं उत्तरेला वाढवताना कारागिरांनी तो भरावात गाडून टाकला, म्हणूनच तो इतका कोरा राहिला. इथले चिरे जोसेरच्या तटातल्यापेक्षा मोठे आहेत. एवढ्या थोड्या काळात विटेची सवय सुटली होती आणि दगडाचा अंदाज आला होता. माझ्या मते त्या सबंध उत्खननातला सर्वांत मोलाचा पुरावा हाच.

त्या पांढऱ्या दगडावर थर सरळ यावा म्हणून आखलेल्या गेरूच्या रेघा अजून आहेत. आसपास कारागिरांनी माणसं, जनावरं, नावा चितारल्या आहेत. आणि एका ठिकाणी तांबड्या रंगात नाव लिहिलं आहे: इम्होतेप, जोसेरच्या पिरॅमिडचा रचनाकार मानला जातो तो. जोसेरच्या पुतळ्याच्या बैठकीवर राजाच्या जोडीला कोरलेलं नावही हेच.