शिकागो : दार, खेळ आणि गाळा

(दृश्य : रँडॉल्फ स्ट्रीट. दिवेलागणीची वेळ. नाट्यगृहासमोर रांग.)

नेडरलँडर थिएटरच्या दारात रोज संध्याकाळी अशी गर्दी असते. आत जाण्याआधी जरा इमारतीच्या मागे चला. तिथे एक अरुंद बोळ आहे. या जागेची जुनी गोष्ट इथे उभं राहून ऐकायची.

३० डिसेंबर १९०३. तेव्हा या जागेवर इरोक्वॉय थिएटर होतं. सुरू होऊन जेमतेम पाच आठवडे झालेले. जाहिरातीत दिमाखात छापलेलं, 'पूर्णपणे अग्निरोधक'. नाताळची सुट्टी, बुधवारचा दुपारचा खेळ आणि 'मिस्टर ब्लूबिअर्ड' हे नाचगाण्याचं नाटक. प्रेक्षकांत बायका-मुलंच जास्त. खुर्च्या भरल्या, म्हणून कितीतरी जण उभे.

दुसऱ्या अंकात दिव्याची ठिणगी उडाली आणि रंगमंचावरच्या कापडानं पेट घेतला. विनोदी नट एडी फॉय अर्ध्याच पोशाखात धावत पुढे आला. लोकांना म्हणाला, बसून राहा. वादकांना म्हणाला, वाजवत राहा. आग अडवणारा पडदा वरून सोडला, तो मध्येच अडकला. तेवढ्यात नटमंडळींनी जीव वाचवायला मागचं दार उघडलं. गार हवेचा झोत आत शिरला आणि आगीचा लोळ त्या अडकलेल्या पडद्याखालून प्रेक्षकांवर गेला.

(इथे संगीत नको.)

बाहेर पडायची काही दारं कापडी पडद्यांमागे लपलेली. काहींच्या कड्या अशा, की कशा उघडायच्या तेच कळेना. आणि जिन्यांवरच्या लोखंडी जाळ्यांना कुलपं. का? तर वरच्या स्वस्त तिकिटवाल्यांनी खाली येऊन महागाच्या खुर्च्या बळकावू नयेत!

६०२ माणसं गेली. १८७१च्या आगीत या शहराचा गाभाच्या गाभा जळाला होता, तेव्हाही साधारण ३०० गेली होती. खटले झाले. या मृत्यूंसाठी शिक्षा मात्र कुणालाच झाली नाही.

त्या खेळाला यायचं ठरवून न आलेला एक माणूस होता, कार्ल प्रिन्झलर. तो कुलपं-कड्या विकणाऱ्या दुकानात कामाला होता. पुढे त्यानं आणि हेन्री ड्यूपाँटनं दाराला एक आडवा दांडा बसवला. अंगानं रेटलं, की दार उघडतं. मल्टिप्लेक्समधून बाहेर पडताना आपण ढकलतो ना, त्याच दांड्याचा हा पूर्वज.

(दृश्य : हॉल्स्टेड स्ट्रीट. लाल विटांचं जुनं घर.)

मोठी नाट्यगृहं पुन्हा उभी राहिली, १९२५मध्ये गुडमन थिएटर आलं. पण शिकागोचं स्वतःचं म्हणावं असं नाटक शिजत होतं ते या घराच्या अंगणात. हे हल हाऊस. स्थलांतरित गोरगरिबांसाठी जेन ॲडम्स यांनी १८८९मध्ये सुरू केलेलं. इथे नीव्हा बॉइड मुलांचे खेळ शिकवायच्या. व्हायोला स्पोलिन त्यांची विद्यार्थिनी. पुढे वेगवेगळ्या भाषा बोलणाऱ्या मुलांकडून नाटक बसवून घ्यायची वेळ आली, तेव्हा व्हायोलाबाईंनी पाठांतर बाजूला ठेवलं आणि खेळच हाती घेतले. चेंडू नाही, तरी तो झेला. दोरी नाही, तरी ती ओढा.

त्यांचा मुलगा पॉल सिल्स. आईचे हे खेळ त्यानं मोठ्यांच्या हाती दिले आणि १६ डिसेंबर १९५९ रोजी सोबत्यांबरोबर 'सेकंड सिटी' हे विनोदी नाट्यगृह सुरू केलं. जागा कुठली? पूर्वी एका चिनी माणसाची लाँड्री होती ती. नावाचीही गंमत आहे. न्यूयॉर्कच्या एका पत्रकारानं शिकागोला दुय्यम शहर म्हणून हिणवलं होतं. या मंडळींनी तीच शिवी पाटीवर लावली. लेखकानं लिहून दिलेली संहिता नाही, प्रवेश जुळायचे ते अशाच खेळांतून. काही वेळा तर प्रेक्षकांनी विषय सुचवायचा आणि नटांनी तिथल्या तिथे प्रवेश उभा करायचा.

मग लाँड्री काय, बंद पडलेलं दुकान काय, चर्चचं तळघर काय, जिथे गाळा मिळाला तिथे नाटक होऊ लागलं. भाडं कमी, खुर्च्या शंभराच्या आत, आणि नटाचा घाम पहिल्या रांगेला दिसणार. 'स्टेपनवूल्फ' या नाटकसंस्थेची मंडळीही अशीच. गॅरी सिनीझ, टेरी किन्नी आणि जेफ पेरी हे तिघे त्याचे संस्थापक. १९७६मध्ये एका उपनगरातल्या शाळेच्या तळघरात, ८८ खुर्च्यांसमोर ते नाटकं करत होते.

(दृश्य : पुन्हा हॉल्स्टेड स्ट्रीट, उत्तरेकडे जाणारी बस.)

१९९१मध्ये स्टेपनवूल्फनं स्वतःचं नाट्यगृह बांधलं. तेही याच हॉल्स्टेड स्ट्रीटवर, हल हाऊसपासून पाचेक किलोमीटरवर.